एका कोंबडीसाठी दवाखाना

गावरान कोंबडी आजारी पडली की आमच्याकडे दोनच उपाय ठरलेले. सकाळी हळद-तेल, आणि संध्याकाळपर्यंत फरक नाही पडला तर रस्सा. म्हैस बसली तर डॉक्टर घरी येतात, शेळीसाठीही लोक फोन करतात, पण कोंबडी घेऊन दवाखान्यात गेलेलं माणूस मी तरी गावात पाहिलं नव्हतं. 2025 च्या जूनमध्ये मला जावं लागलं. कुठून सुरुवात करायची, डॉक्टर काय विचारतात, पैसे किती लागतात हे तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून जसं घडलं तसं लिहून ठेवतेय.

आमचं गाव उदगीर तालुक्यात. घरामागे खुराडं आहे, त्यात सात गावरान कोंबड्या, एक कोंबडा आणि गिरिराज या सुधारित जातीच्या दोन. सकाळी सोडायच्या, दिवेलागणीला डालायच्या. जोंधळा, तांदळाची कणी, उरलीसुरली भाकर हे घरचं. बाकी उकिरडा आणि बांध त्यांचाच. ज्या कोंबडीची ही गोष्ट आहे ती काबरी, दीड वर्षाची, खुडूक बसून पिल्लं काढलेली, अंगानं तशी दणकट.

21 जूनला, शनिवारी सकाळी खुराड्यात दांडीखाली एक अंडं पडलेलं दिसलं. टरफलच नव्हतं. नुसता पापुद्रा, आत बलक हलताना दिसत होता. उचललं तर बोटांत दबत होतं. आत्याबाई म्हणाल्या, "उन्हाळ्यात असं होतंय, काय नवं न्हाई." ते खरंच आहे. अंडं तयार व्हायला साधारण दिवसभर लागतो आणि त्यातले वीसेक तास नुसतं टरफल चढण्यात जातात. मध्येच कोंबडी बिचकली, उन्हानं धापा टाकत राहिली की एखादं अंडं कच्चंच बाहेर पडतं. पण मे महिन्यात पाऊस होऊन गेला होता, हवा थंडावली होती. आणि दुपारी काबरी बाकीच्यांबरोबर उकिरड्यावर गेली नाही. तुळशीच्या कट्ट्याजवळ शेपूट पाडून, डोळे मिटून उभी राहिली. हाकलली तर चार पावलं चालली, तीही पाय फाकवून, झुलत. मग बसकण मारली.

"मानमोडी आली बग," शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या. "बाकीच्यांना लागायच्या आधी कापून टाक."

मानमोडी म्हणजे राणीखेत, कोंबड्यांचा झपाट्यानं पसरणारा साथीचा रोग. गावात कोंबडी मान वाकडी करून मेली काय, न वाकडी करता मेली काय, नाव एकच. मला त्या घाईचा थोडा राग आला. मी काबरीला वेगळ्या डालाखाली ठेवलं, खाली जुना पेपर अंथरला आणि मुलीच्या वहीच्या मागच्या पानावर तारीख, वेळ, काय दिसतंय ते लिहायला लागले. पेपर अंथरण्याचा फायदा असा की शिट मोजता येते, रंग बघता येतो. नाहीतर नऊ कोंबड्यांच्या गर्दीत कुणाची कुठली, काय कळणार?

रविवारी दवाखाना बंद. 1962 या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन लावला. पलीकडच्या माणसानं नीट विचारलं: किती पक्षी, किती आजारी, अचानक किती मेले, नाकातोंडातून पाणी आहे का. एकच आजारी, मेली एकही नाही म्हटल्यावर जवळच्या दवाखान्यात घेऊन जा म्हणाले, आणि तोपर्यंत वेगळी ठेवा. ते मी केलंच होतं.

त्या दिवशी घरी जेवढं तपासता येईल तेवढं तपासलं. हे कुणालाही जमण्यासारखं आहे म्हणून सांगते. पहाटे, दाणा द्यायच्या आधी गळ्याखालची दाण्याची पिशवी चाचपायची. रात्रभरात ती रिकामी व्हायला हवी. सकाळीही टणक नाहीतर पाण्यासारखी लिबलिबीत लागली तर दाणा अडकलाय. काबरीची रिकामी होती. मग छातीचं मधलं हाड. त्याच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेलं हवं, हाड चाकूच्या पात्यासारखं वर आलं असेल तर कोंबडी बरेच दिवसांपासून खंगतेय. हिचं मांस ठीक होतं, म्हणजे दुखणं नवं. पिशवीत घालून हुकाच्या काट्याला लावली, सव्वा किलोच्या थोडी वर भरली. तुरा लालच होता, जरा फिकट. पंखांखाली आणि गुदद्वाराजवळची पिसं फुंकर मारून बाजूला केली. उवा, पिसवा काही नाही.

राहिलं अंडं अडकण्याचं. शेपूट पाडून, अंग उभं धरून कुंथणं हे त्याचंच लक्षण, त्यामुळे माझी खरी शंका तीच होती. बोटाला खोबरेल तेल लावून अगदी हळू आत चाचपलं. अडकलेलं अंडं असेल तर दोन-तीन पेरांच्या आत टणक लागतं. काही लागलं नाही. तरी कोमट पाण्याच्या टबात कमरेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं बसवली. ती इतकी शांत बसली की आत्याबाई बघून हसायला लागल्या. "आमच्या सासूनं आम्हाला कधी असं पाणी काढून दिलं न्हाई गं." पोट दाबायचा मोह मात्र कुणी करू नये. आत अंडं फुटलं तर कोंबडी हातची जाते.

शिटेबद्दल एक सांगायलाच हवं, कारण त्यावरून मी उगाच घाबरले होते. पेपरवर बहुतेक शिटा नेहमीच्या होत्या, गडद आणि वर पांढरी टोपी. पण एक तपकिरी, चिकट, भयंकर वासाची. मला वाटलं हगवण. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की आतड्याच्या आंधळ्या पिशव्यांतून दिवसातून काही वेळा अशी शिट येतेच, ती निरोगी कोंबडीचीच खूण. हिरवीगार पाण्यासारखी किंवा रक्ताची असेल तेव्हा घाबरायचं.

सोमवारी सकाळी जवळच्या सरकारी दवाखान्यात नेली. डॉक्टर जनावरांच्या लसीकरणाला दुसऱ्या गावी गेलेले. तिथं असलेल्या माणसानं डब्यात डोकावून बघितलं, काबरीला बाहेर काढलंसुद्धा नाही, आणि म्हणाला, "ताई, एका कोंबडीसाठी कुणी येतं का? मानमोडी असंल. पाण्यातून हे पावडर द्या." पुडी घेतली, पण दिली नाही. कशावरचं औषध आहे तेच कळत नव्हतं.

परत आले तर गावात बातमी माझ्याआधी पोचलेली. संध्याकाळी दोघीतिघी वसरीवर येऊन बसल्या. "कोंबडीला घेऊन दवाखान्यात गेलतीस मनं?" त्यांची भीती मला कळत होती. त्याच वर्षी जानेवारीत उदगीरमध्ये कावळे मेले होते आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला होता. 2021 च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या मेल्याची बातमी अजून सगळ्यांच्या लक्षात आहे. अहवाल तसा आला की एक किलोमीटरच्या आतल्या सगळ्या कोंबड्या मारतात आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवतात, हे बायकांना तोंडपाठ. "तू एक कोंबडी दाखवायला जाशील आणि गावाची खुराडी रिकामी होतील," एकीनं सरळच सुनावलं.

नुकसानभरपाई मिळते वगैरे बोलून उपयोग नव्हता. मी एवढंच म्हटलं की बर्ड फ्लू असता तर बाकीच्या आठ कोंबड्या आत्तापर्यंत अशा फिरल्या असत्या का? त्यावर कुणी बोललं नाही, पण पटलंही नाही. रात्री ह्यांनाही वाटायला लागलं की जाऊ दे. मला उलट वाटत होतं. खरंच तसलं काही असेल तर लपवल्यानं ते सगळ्यांच्या घरात शिरणार, आणि नसेल तर दवाखान्यात जायला भ्यायचं कशाला? मंगळवारी सकाळी एका गिरिराजचं अंडं हाती आलं. टरफल होतं, पण कागदासारखं पातळ, वर सुरकुत्या, घमेल्यात ठेवताना चिरलंच. मग ह्यांनी स्वतःहून गाडी काढायची कबूल केली.

उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याला जोडून जनावरांचा दवाखाना. बुधवारी, 25 जूनला आम्ही गेलो. पुठ्ठ्याच्या खोक्याला चारी बाजूंनी भोकं पाडली, तळाला गवत टाकलं. जाण्याआधी ताजी शिट एका धुतलेल्या छोट्या डबीत घेतली आणि ओल्या फडक्यात गुंडाळली, म्हणजे उन्हानं तापायला नको. सोबत दोन्ही अंडी आणि वही. खोकं मोटारसायकलवर मांडीत धरून बसायचं, मागे कॅरेजला बांधायचं नाही. हादरे आणि सायलेन्सरची धग, दोन्ही वाईट.

केसपेपर काढताना खिडकीतल्या बाईंनी "जनावर?" विचारलं. कोंबडी म्हटल्यावर "किती मेल्या?" असं आलं. मेली नाही, जिवंत आहे, म्हटल्यावर त्यांनी मान वर करून बघितलं. तिथं कोंबड्या येतात त्या बहुतेक मेलेल्याच, शवविच्छेदनासाठी. आणि कळपात मर सुरू असेल तर तेच बरोबरही आहे: नुकती मेलेली कोंबडी प्लॅस्टिकच्या दुहेरी पिशवीत, बर्फावर ठेवून आणायची, फ्रीजरमध्ये गोठवायची नाही. आमच्यापुढे दोन गाभण म्हशी आणि एक पाय मोडलेला बोकड होता. तासाभरानं नंबर लागला.

डॉक्टर मॅडम तरुण होत्या, सोबत शिकाऊ मुलं. त्यांनी आधी काबरीला फरशीवर मोकळी सोडली आणि नुसतं बघत उभ्या राहिल्या. मला हे फार आवडलं. मग ताप बघितला, 41.6 अंश सेल्सिअस. मी दचकले; पण कोंबडीचं नेहमीचं तापमानच 41 ते 42 असतं. मांड्या, घोटे, तळवे दाबून पाहिले. चोच उघडून घशात बघितलं. मग वही मागितली.

मुलांना शिकवता शिकवता त्या एकेक आजार बाजूला काढत गेल्या, आणि मी ऐकत होते. राणीखेत म्हणावी तर लस न टोचलेल्या कळपात एव्हाना ती पसरली असती, हिरवी हगवण, धाप, मान वळणं दिसलं असतं. मॅरेक्स या विषाणूच्या आजारात एक पाय पुढे एक मागे असा लुळेपणा येतो, पण तो बहुतेक कोवळ्या वयात. कुजकं मांस, अळ्या खाऊन विषबाधा झाली तर मानच लुळी पडते, हिची ताठ आहे. फवारणीचं औषध पोटात गेलं असतं तर लाळ, थरथर, आणि प्रकरण काही तासांत संपलं असतं. जंताची अंडी शिटेत सापडली, पण थोडीच. गावातल्या कुठल्याही मोकळ्या कोंबडीत सापडतील इतकीच. राहिले दोन धागे: पायांची कमजोरी आणि अंड्याचं बिघडलेलं टरफल. तेही एकीचं नाही, दोघींचं.

"गेल्या दोन आठवड्यांत यांच्या खाण्यात नवीन काय आलं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं काहीच नाही. तोच जोंधळा, तीच कणी.

"तुम्ही घातलेलं नाही विचारत. त्यांनी खाल्लेलं." मग थांबून, "पेरणी झाली का?"

पेरणी सोळा-सतराला झाली होती. आमच्याकडे सोयाबीनचं घरचं बियाणं पेरायची पद्धत आहे आणि पेरण्याआधी बुरशीनाशक लावायचं, मग रायझोबियम हे जिवाणूखत. बुरशीनाशक बहुतेक कार्बोक्झिन आणि थायरम यांचं मिश्रण, किलोला तीन ग्रॅम. हे मी सांगितलं तेव्हा मॅडमनी थायरमवर बोट ठेवलं. कोंबड्यांच्या पोटात थायरम गेलं तर टरफल धरत नाही, अंडी वेडीवाकडी येतात, पायांची ताकद जाते, हे जुन्या प्रयोगांतून माहीत आहे म्हणाल्या. वर सोयाबीन कच्चं. कच्च्या सोयाबीनमधल्या घटकांनी प्रथिनं नीट पचत नाहीत, म्हणून न भाजलेलं सोयाबीन कोंबडीला तसंही घालू नये.

मी विचारलं, तपासून पक्कं करता येईल का? औषधाचा अंश शोधायची सोय तिथं नाही, नमुना बाहेर पाठवावा लागेल, खर्च हजारांत, आणि उत्तर येईपर्यंत कोंबडी बरी तरी होईल नाहीतर मरेल तरी. केसपेपरवर त्यांनी शंका म्हणून लिहिलं, निदान म्हणून नाही. मला तो प्रामाणिकपणा त्या पुडीपेक्षा शंभर पटीनं बरा वाटला.

औषधं साधी होती: पातळ कॅल्शियम, त्यात ड-3 जीवनसत्त्व, आणि ब गटाचं एक टॉनिक. मात्रा वजनावर असते, म्हणून इथे देत नाही. शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत कायम ठेवायचा, दाण्यात मिसळायचा नाही. जिला लागेल ती खाते. जंताचं औषध आत्ता नको, आधी उभी राहू द्या. आणि सगळ्या कोंबड्यांची अंडी महिनाभर खायची नाहीत, विकायची नाहीत, आजारी कोंबडी कापायची तर मुळीच नाही. काकूंचा सल्ला ऐकला असता तर ते मटण आमच्याच ताटात आलं असतं.

घरी आल्यावर उजेड होता तोवर मी शोधायला लागले. उकिरडा, गोठ्यामागची बाजू, बांध. सापडलं ते चुलत दिरांच्या आणि आमच्या घरामधल्या बोळात. त्यांनी तिथंच सावलीला ताडपत्री अंथरून बियाणं चोळलं होतं आणि शेवटी ताडपत्री भिंतीशी झटकली होती. पावसानं फुगलेले गुलाबी दाणे मातीत रुतलेले, काहींना मोड आलेले, आणि सगळीकडे कोंबड्यांनी उकरलेल्या ताज्या खुणा. बाजूला बारदान्यात ओंजळभर दाणे उरलेले. गुलाबी रंग त्याचसाठी असतो, माणसानं चुकून खाऊ नये म्हणून. बाजारातल्या बियाण्याच्या पिशवीवर तर अन्न, चारा किंवा तेलासाठी वापरू नये असं छापलेलंच असतं. कोंबडीला ना रंगाचं भय, ना वाचता येतं.

दिरांना सांगणं हे औषधापेक्षा अवघड होतं. आरोप वाटू नये म्हणून मी केसपेपरच पुढे केला. "भाऊजी, डॉक्टर म्हणाल्या शंका आहे, खात्री नाही." ते आधी म्हणाले, "दरवर्षी तिथंच करतो की, आजवर कुणाची कोंबडी मेली?" नंतर स्वतःच फावडं घेऊन आले. हाताला पिशव्या बांधून वरची बोटभर माती खरवडली, बारदान्यासकट रानात, विहिरीपासून लांब, गुडघाभर खड्ड्यात पुरली. बोळाच्या दोन्ही तोंडांना जाळी लावली.

पुढचे काही दिवस कंटाळवाणे गेले, त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. सकाळ-संध्याकाळ ड्रॉपरनं औषध. चोचीच्या कडेनं, थेंबथेंब, ती गिळेल तसं. सरळ घशात ओतलं तर श्वासनलिकेत जातं. पाण्याचं भांडं बसल्या जागी चोच पोचेल इतकं जवळ. दाणा भिजवून. जून संपता संपता ती एकदा स्वतःहून दांडीवर चढायला बघत होती आणि पडली. जुलैच्या पहिल्या आठवड्यात डालाबाहेर सोडली तर कोंबड्यानं लगेच तिच्यामागे धाव घेतली, म्हणून पुन्हा काही दिवस आत. अंडी मात्र लवकर सुधारली नाहीत. आधी बंद, मग एक मऊ, मग टोकाशी खरखरीत पुटं आलेली. सगळी पुरली. जुलै संपताना सलग नीट टरफलाची मिळाली. गिरिराज तिच्याआधीच सावरली होती. काबरी आजही उतारावरून पळताना जरा डावीकडे झुकते.

खर्च सांगते. केसपेपर आणि शिटेची तपासणी मिळून शंभराच्या आत, औषधं अडीचशेच्या आसपास, शिंपल्याचा चुरा साठ रुपये, पेट्रोल दोन वेळचं चारशे. बाजारात तेव्हा कोंबडी पाचशे-सहाशेला मिळत होती. ह्यांनी हा हिशेब एकदाच बोलून दाखवला.

दुसऱ्यांदा उदगीरला गेलो ते काबरीला दाखवायला आणि लसीचं विचारायला. मॅडमनी आधीच बजावलं होतं की राणीखेत नव्हती म्हणजे येणार नाही असं नाही, आणि आमच्या एकाही कोंबडीला लस नव्हती. पिल्लांना पहिल्या आठवड्यात डोळ्यात-नाकात लासोटा या राणीखेतच्या लसीचा थेंब, मग आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी ही टोचायची लस. अडचण अशी की कुपी शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची येते आणि एकदा पाण्यात मिसळली की दोनेक तासांत संपवावी लागते. नऊ कोंबड्यांसाठी कुपी फोडायची तर बाकी सगळी वाया. म्हणून मी आळीत घरोघर विचारलं. वसरीवर येऊन मला सुनावणाऱ्यांपैकी एकीनं सगळ्यात आधी नाव दिलं. तिच्याकडे चौदा होत्या.

ऑगस्टच्या एका रविवारी सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत टोचायचं ठरलं. आदल्या रात्रीच प्रत्येकीनं आपापल्या कोंबड्या डालून ठेवायच्या, म्हणजे सकाळी धरपकड नको. लस थर्मासमध्ये बर्फावर आली. पशुधन पर्यवेक्षकांनी टोचली, मी नावं आणि आकडे लिहिले. आजारी दिसणारी कोंबडी टोचायची नाही म्हणून दोन बाजूला काढल्या, त्यातली एक काकूंची. त्या जरा नाराज झाल्या. भाऊजींची पुढच्या जूनची बीजप्रक्रिया रानातल्या शेडमध्ये होणार आहे, तसं त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलंय.